आठची मिस्सा कुणाची?

गेल्या महिन्यात आमच्या पॅरिश कौन्सिलची, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाची, मीटिंग झाली. विषय एकच, पंधरा मिनिटांत उरकेल असं वाटलेलं पण पावणेदोन तास चालला. आमच्याकडं रविवारी सकाळी आठची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, मराठीत असते, कैक वर्षांपासून, आणि कन्नड मिस्सा संध्याकाळी पाचला. आता कन्नड बोलणारी घरं वाढलीत, गोकाक, बैलहोंगल, अथणी या बाजूनं कामासाठी बेळगावात आलेली माणसं, नर्सिंग करणाऱ्या मुली आहेत, सिक्युरिटीवर असलेले आहेत, बांधकामावरचे आहेत, आणि यातल्या बऱ्याच जणांची रविवारी दुपारनंतर ड्युटी असते. त्यांनी अर्ज दिला होता की महिन्यातला एक रविवार, फक्त एक, सकाळची आठची मिस्सा कन्नडमध्ये करा.

आम्ही नाही म्हटलं. हात वर करणाऱ्यांत मी पण होतो.

कुणीतरी म्हणालं, "आज एक रविवार मागायलेत, उद्या चारी मागतील की." बेळगावात हे वाक्य कुणालाही लगेच पटतं कारण आपण तेच ऐकत मोठे झालोय. पाट्या, सरकारी कागद, शाळा, बसवरची नावं, सगळीकडं हाच अनुभव, आधी थोडं जातं मग सगळं जातं. त्यामुळं वाद फार झाला नाही, वेळ गेला तो एकमेकांच्या जुन्या जखमा सांगण्यात. ठराव झाला, अर्ज फेटाळला, आणि शेवटी फादर म्हणाले प्रार्थना म्हणूया. सगळे उभं राहून म्हणायला लागलो, "हे आमच्या स्वर्गातील पित्या". मी त्या "आमच्या"वरच अडकलो. पुढचं सगळं तोंडानं म्हटलं पण मन तिथंच राहिलं. रात्री घरी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसलो तर मणी पुढं सरकेना.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट फिरतेय, तीच इथं लिहितोय. नम्रता म्हटलं की आपल्याला हळू आवाज, खाली घातलेली मान, "मी काय, सगळं देवाचं" असलं बोलणं आठवतं. मला आता वाटतं ती नम्रता नव्हे, ते वळण आहे, चांगलं वळण आहे पण तेवढंच. नम्रता म्हणजे जागा सोडणं. खरीखुरी जागा, बाक, वेळ, माइक, भिंतीवरचं नाव, आठची मिस्सा. आणि विश्वासाला आपल्या रोजच्या जगण्यात जागा उरली नाही अशी जी तक्रार आपण सगळेच करतो, मुलं चर्चला येत नाहीत, घरात रोझरी होत नाही, मन लागत नाही, त्याचं मूळ मला यातच दिसतं. आपण सगळी जागा स्वतःच भरून टाकलीय. मग देव बसणार कुठं?

नाताळात आपण गोठा करतो, गवत, दिवे, तारा, वॉर्डावॉर्डात स्पर्धा पण लावतो. त्या गोठ्याची गोष्टच मुळी जागेची आहे. बायबलात लूक लिहितो की त्यांना उतारशाळेत जागा नव्हती. उतारशाळेतली माणसं काही दुष्ट नव्हती हो, आधी आलेली होती एवढंच. आधी आलेल्यांनी आधीची जागा धरून ठेवली. आम्ही कौन्सिलमध्ये नेमकं हेच म्हणत होतो, "आम्ही आधीपासून आहे".

आणि आधीपासून म्हणजे किती आधीपासून, हे पण बघायला पाहिजे. ४ डिसेंबर १९६३ ला जगभरातल्या कॅथोलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर केला आणि त्यानंतर हळूहळू लोकभाषेत मिस्सा सुरू झाली. त्याच्या आधी आमच्या आज्ज्या लॅटिन मिस्सा ऐकायच्या, फादरांची पाठ दिसायची, एक शब्द कळायचा नाही आणि त्या आपल्या मणी ओढत बसायच्या. म्हणजे मराठी मिस्सा ही आमची वाडवडिलांपासूनची इस्टेट नाही, ती साठ-पासष्ट वर्षांत आम्हाला मिळालेली देणगी आहे. कुणीतरी रोममध्ये बसून कबूल केलं की देवाला लॅटिनच कळते असं नाही, दीड हजाराहून जास्त वर्षांची सवय बाजूला ठेवली, म्हणून आज मी माझ्या भाषेत "प्रभू दया कर" म्हणू शकतो. ज्याला स्वतःला असं मिळालंय त्यानं दुसऱ्याला महिन्यातले दीड तास नाकारावेत हे मला आता गळ्याखाली उतरत नाही.

याच्याही मागं जायचं तर फादर स्टीफन्सपर्यंत जावं लागेल. इंग्लंडचा माणूस, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत, चाळीस वर्षं, इथंच राहिला, गोव्यातल्या साष्टीत. त्यानं लोकांना इंग्रजी शिकवली नाही, स्वतः मराठी आणि कोकणी शिकला. इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय, ओवी कानात बसलेली, म्हणून त्यानं ख्रिस्ताची कथा ओवीत लिहिली, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि १६१६ मध्ये ती छापली गेली. मराठी भाषेचं त्यानं त्यात जे कौतुक केलंय ते आपण शाळेत पाठ केलंय, मराठी दिनाला स्टेजवरून म्हणतो पण. पण ती ओवी म्हणताना आपण विसरतो की हे कौतुक एका परक्यानं केलंय, स्वतःची भाषा मागं ठेवून. आपल्या भाषेचा अभिमान बाळगायला आपण ज्याचं नाव घेतो तोच माणूस दुसऱ्याच्या भाषेपुढं विद्यार्थी म्हणून बसलेला होता.

आणि याच गोव्यात त्याच्यानंतर पासष्ट वर्षांनी, १६८४ मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायचं. एक वाट स्टीफन्सची आणि एक फर्मानाची, दोन्ही वाटांवर ख्रिस्ताचंच नाव लावलेलं. आम्ही मागच्या महिन्यात कुठल्या वाटेवर उभे होतो हे मला स्पष्ट दिसतं आणि त्याचं वाईट वाटतं.

आता माझेच मित्र मला काय म्हणणार ते माहीत आहे, कारण दोघांनी म्हटलंय पण. "अरे, इथं मराठी माणसाची आधीच गळचेपी, २००४ पासून खटला सुप्रीम कोर्टात पडलाय, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळताना पोलीस अडवतात, आणि तू चर्चमधली उरलेली जागा पण देऊन टाकायला निघालास?" हा प्रश्न खोटा नाही आणि तो उडवून लावायचा माझा विचार पण नाही. माझे वडील सीमालढ्याच्या मोर्चात गेलेले आहेत, घरात तो इतिहास आहे. पण मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. सरकारनं माझ्यावर भाषा लादली तर ती अन्यायाची गोष्ट आहे, तिथं उभं राहायचं, बोलायचं, कोर्टात जायचं, नम्रता म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. पण अर्जावर सही केलेली ती नर्स म्हणजे सरकार नव्हे. ती अथणीहून आलीय, नाइट करून सकाळी सुटते, आणि तिला तिच्या आईनं शिकवलेल्या भाषेत देवाशी बोलायचंय. तिनं माझी पाटी काढलेली नाही. बाहेर जे सरकारकडून सोसलं त्याची वसुली आपण आत तिच्याकडून केली. आणि बाहेर आपण जे मागतोय, की अल्पसंख्याकाला त्याच्या भाषेत जगू द्या, नेमकं तेच ती आपल्याकडं मागत होती. चर्चमध्ये आम्ही बहुसंख्य होतो. बहुसंख्य झाल्यावर आपण कसे वागतो ते त्या दिवशी कळलं.

बायबलातल्या याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात बसायच्या जागेवरच लिहिलंय. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला तर तुम्ही त्याला म्हणता, या, इथं चांगल्या जागी बसा, आणि मळक्या कपड्यातला गरीब आला तर म्हणता तू तिकडं उभा राहा नाहीतर माझ्या पायापाशी बस. दोन हजार वर्षांपूर्वीचं पत्र, पण आमच्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवशीचं वर्णन वाटतं. पुढची दोन बाकं राखीव, त्यावर पांढरा कपडा, पाहुणे, देणगीदार, एखादा नगरसेवक, आणि ज्या बायकांनी आदल्या दिवशी रात्री अकरापर्यंत फरशी पुसली त्या मागं खांबाच्या आडोशाला. फेस्त दणक्यात व्हायला पाहिजे याला माझा विरोध नाही, गावाचा आनंद आहे तो, बँड वाजू दे, जेवण होऊ दे. पण राखीव बाक ही गोष्ट देवाच्या घरात बसत नाही. वेदीपुढं कुणाचीही जागा राखीव असता कामा नये, चालायला त्रास होतो त्यांची सोडून.

देणगीच्या पाट्यांचं पण तसंच. पंख्यावर नाव, बाकावर नाव, पायरीवर नाव, पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरवर नाव, "च्या स्मरणार्थ". मी समजू शकतो, गेलेल्या आईवडिलांचं नाव कुठंतरी राहावं असं कुणाला वाटत नाही? कमिटीवाले म्हणतात नाव नाही लावलं तर देणगी येत नाही. येत नसेल तर थोडे पंखे कमी घ्या. येशू मंदिरात दानपेटीसमोर बसून बघत होता, मोठमोठी माणसं भरपूर टाकत होती, आणि एका विधवेनं दोन नाणी टाकली तर त्यानं शिष्यांना बोलावून ती दाखवली. तिचं नाव पण लिहून ठेवलेलं नाही कुणी. ज्यांची नावं त्या काळी मोठी होती त्यांची आज कुणाला आठवण नाही आणि बिननावाची ती बाई दर वर्षी वाचनात येते. एवढंच सुचवतो की नवीन काम निघेल तेव्हा पाटी न लावता करून बघूया, एकदा तरी.

पण पाट्या आणि बाकं ही सोपी गोष्ट आहे, एका ठरावात होते. त्याहून अवघड बोलायचंय.

आपल्यात जात नाही असं आपण सगळ्यांना सांगतो. आणि लग्न ठरवताना पहिला प्रश्न काय असतो, "मूळचे कुठले? कुठल्यातले?" हा प्रश्न गावाबद्दल नसतो हे विचारणाऱ्याला पण माहीत असतं आणि ऐकणाऱ्याला पण. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळं दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही, शीख दलितांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये ती मिळाली, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. त्या आदेशाची तारीख १० ऑगस्ट, म्हणून देशभरातले दलित ख्रिस्ती त्या दिवशी काळा दिवस पाळतात. बेळगावातल्या आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना १ नोव्हेंबरचा काळा दिवस पाठ आहे, १० ऑगस्टचा किती जणांना माहीत आहे? मला स्वतःला पस्तिशीत कळला. चर्च सरकारला सांगतं की बाप्तिस्मा घेतला म्हणून जात जात नाही, अन्याय चालूच राहतो, म्हणून सवलत द्या. बरोबर आहे. मग तोच अन्याय करणारा कोण, हे पण सांगायला पाहिजे. २०१६ च्या डिसेंबरात भारतातल्या कॅथोलिक बिशपांच्या परिषदेनं दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं आणि चर्चच्या आतला भेदभाव मान्य केला. बिशपांनी मान्य केलं ते आम्ही आमच्या बैठकीच्या खोलीत, चहा घेताना, स्थळ बघताना मान्य करत नाही. इथं जागा सोडायची म्हणजे वंशाची उंची सोडायची, आणि ती कुठल्याही पंख्यापेक्षा महाग आहे.

पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, पाय धुण्याचा विधी असतो. एका वर्षी मला बारा जणांत बसायला सांगितलं. मी सकाळी घरी टाचा दगडानं घासल्या, नखं काढली, नवीन मोजे घातले, आणि संध्याकाळी माझे स्वच्छ पाय फादरांनी धुतले. बाकीच्या अकरांनी पण हेच केलेलं. कुणाचाही पाय मळका नव्हता, आणि त्या बाराजणांत कब्रस्तानात खड्डे खणणारा आमचा माणूस कधीच नसतो, कचरा उचलणारी बाई नसते. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुस्लिम पण होते, आणि २०१६ मध्ये तर बायकांचे पाय धुवायला नियमानंच मोकळीक झाली. आमच्याकडं अजून कौन्सिलचेच पुरुष बसतात. मी बसलो तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं पण ते शिष्य पेत्रासारखं नव्हतं. पेत्र म्हणाला, प्रभू, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, कारण त्याचे पाय खरंच धुळीचे होते. आपले मळके पाय दुसऱ्याच्या हातात देणं ही पण नम्रताच आहे, द्यायच्या नम्रतेपेक्षा अवघड. आम्ही धुतलेलेच पाय पुढं करतो. कन्फेशनला पण, प्रार्थनेला पण.

आणि इथून मी विश्वासाकडं येतो, कारण मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

माझी धाकटी बहीण कॅन्सरनं गेली, सहा वर्षं झाली. आजारपणात घरी प्रार्थनेला खूप लोक यायचे, त्यांचे उपकार मी विसरणार नाही, डबे आणायचे, रात्री थांबायचे. पण एका प्रार्थना ग्रुपचे एकजण येऊन हात ठेवून म्हणाले, ही बरी झालीच म्हणून समजा, देवानं मला दाखवलंय. आणि ती गेल्यावर तेच माझ्या आईला म्हणाले, "तुमचा विश्वास कुठंतरी कमी पडला." माझी आई त्यानंतर आठ महिने चर्चला गेली नाही. देवावर रागावली म्हणून नाही, आपल्यामुळं पोरगी गेली असं वाटून. सत्तरीतली बाई, रोज पहाटे उठून प्रार्थना करणारी.

हे कुणाच्या दुष्टपणामुळं झालं असं मी म्हणत नाही. त्या माणसाचा देवावर विश्वास होता, पण देवाचं सगळं आपल्याला कळलंय असा पण विश्वास होता, आणि हा दुसरा विश्वास घातक आहे. बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात, त्याच्यावर संकटांवर संकटं आल्यावर, त्याचे तीन मित्र येतात. आधी ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. तोपर्यंत ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं, तुझंच काहीतरी चुकलं असेल, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो, म्हणतो तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवर देव रागावला, आणि पुस्तकभर प्रश्न विचारणाऱ्या, रडणाऱ्या, भांडणाऱ्या ईयोबाला म्हणाला हा बरोबर बोलला.

मार्काच्या शुभवर्तमानात एक बाप आहे, त्याच्या मुलाला झटके येतात. येशू त्याला म्हणतो विश्वास ठेवणाऱ्याला सगळं शक्य आहे, आणि तो बाप ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका दमात दोन्ही. आणि मुलगा बरा झाला. येशूनं त्याला आधी शंभर टक्के विश्वास घेऊन ये असं सांगितलं नाही. आमच्या घरी जर त्या दिवशी हा बाप कुणी आईला वाचून दाखवला असता तर त्या आठ महिन्यांतले काही दिवस तरी वाचले असते. शेवटी तिला चर्चला परत कुणी आणलं तर शेजारच्या अक्कांनी. कन्नड बोलणाऱ्या, एका हॉस्पिटलात आया म्हणून काम करतात. त्या संध्याकाळी ड्युटी नसेल तेव्हा यायच्या, आईला मराठी, त्यांना कन्नड, दोघींना एकमेकींचं अर्धं कळायचं आणि त्या काही समजवायच्या पण नाहीत, बाजूला बसून शेंगा सोलायच्या, भाजी निवडायच्या, आणि जाताना "नम्म तंदेये", म्हणजे "आमच्या पित्या", ही पूर्ण प्रार्थना म्हणून जायच्या. आई गप्प ऐकायची. काही महिन्यांनी आई मराठीत बरोबरीनं म्हणायला लागली. बोलण्याला जागा न देता बसणं म्हणजे काय ते मी त्या स्वयंपाकघरात बघितलं. आणि मीटिंगमध्ये हात वर करताना मला अक्का आठवल्या नाहीत, हे खरं.

मिस्सामध्ये कम्युनियननंतर, म्हणजे पवित्र भाकर घेऊन झाल्यावर, शांततेला जागा ठेवलेली असते, नियमातच आहे ती. आमच्याकडं तिथं एक गाणं, मग दुसरं गाणं, मग वाढदिवस, मग लग्नाच्या सूचना, मग कुणाच्या तरी सत्काराची शाल. आम्हाला शांततेची भीती वाटते की काय. घरात पण तेच, रोझरी चालू आणि बाजूला मोबाईल पालथा, दर दोन मिनिटांनी थरथरतोय. मी वर्षभर फक्त एवढंच करायचा प्रयत्न करतोय की सकाळी दहा मिनिटं काहीही न मागता बसायचं. पहिले काही महिने नुसता हिशेब आणि राग डोक्यात यायचा. अजून पण येतो. पण मधेच कधीतरी दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा येतो, ज्याला मी दुखावलंय त्याचा, आणि मला वाटतं तिथून काहीतरी सुरू होतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. लोक म्हणतात, नम्र व्हा कशाला सांगता, आपण आधीच दबून आहोत. हे खरं आहे. २०२१ च्या डिसेंबरात इथंच, सुवर्णसौध या विधानभवनात, हिवाळी अधिवेशनात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेनं मंजूर केलं, त्या दिवसांत वॉर्डातल्या घरगुती प्रार्थना आम्ही खिडक्या लावून म्हटल्यात, गाणी हळू आवाजात. नंतर २०२३ मध्ये नवीन सरकारनं तो कायदा रद्द करायचं ठरवलं, पण खिडकी लावायची सवय राहिली. म्हणून सांगतो, ते दबणं ही नम्रता नाही. भीती आणि नम्रता बाहेरून सारख्या दिसतात, दोघींची मान खाली. पण भीती दार लावून घेते. आमच्या कौन्सिलनं त्या दिवशी जे केलं ते भीतीनंच केलं, जी थोडी जागा आपल्याकडं आहे ती पण जाईल म्हणून.

संत जोसेफ वाझ आपल्या या भागाला परके नाहीत. १६५१ मध्ये गोव्यात जन्म, आधी कानडा मुलखात, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, काम केलं. मग कळलं की श्रीलंकेत डचांनी कॅथोलिक पाद्र्यांना बंदी घातलीय, लोक वर्षानुवर्षं फादरशिवाय आहेत, तर १६८७ मध्ये मजुराच्या वेषात तिथं शिरले. चांगल्या ब्राह्मण घरातला माणूस, फाटक्या कपड्यात, अनवाणी. कॅन्डीत देवीची साथ आली तेव्हा ज्यांना घरच्यांनी टाकून दिलं होतं त्यांना स्वतःच्या हातानं धुतलं, जेवू घातलं. तिथल्या लोकांची भाषा शिकले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं. या माणसाला कुणी भित्रा म्हणेल का? पण त्याच्याइतकी जागा सोडलेला माणूस पण सापडणार नाही, जात सोडली, कपडे सोडले, गाव सोडलं, भाषा सोडली. ज्याला घाबरायचं कारण सगळ्यात जास्त होतं त्यानंच सगळ्यात जास्त सोडलं, आणि त्यानं तिथलं चर्च लहान झालं नाही, उभं राहिलं.

म्हणून माझं मत बदललंय आणि ते उघड सांगतो. एक रविवार नाही, दोन द्यावेत. एक दिला तर ती भीक होईल, दोन दिले तर वाटणी होईल. पहिला आणि तिसरा रविवार आठची मिस्सा कन्नडमध्ये, दुसरा आणि चौथा मराठीत, पाचवा आला तर दोन्ही मिळून. ज्या रविवारी आठची कन्नड असेल त्या दिवशी मराठी पाचला, आणि पाचला मराठी माणसानं यायचं. ज्यांना पाचची वेळ चालत होती असं आपण इतकी वर्षं म्हणत होतो त्यांची संध्याकाळ कशी असते ते आपल्याला पण कळू दे. यानं मराठी मरणार नाही. मराठी मरायचीच असेल तर ती आपली पोरं घरात इंग्रजी बोलतात त्यानं मरेल, त्याबद्दल कौन्सिलमध्ये कधी पावणेदोन तास कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नाही.

काही लोक नाराज होतील, एक-दोन घरं दुसऱ्या चर्चला जातील असं मला आत्ताच सांगितलं गेलंय. जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, त्यांच्या घरी जाऊन बोलायची माझी तयारी आहे, त्यातल्या एका घरातल्या मोठ्या माणसांबरोबर मी लहानपणापासून बसलोय. त्यांचं दुःख खरं आहे. पण त्यांच्या दुःखासाठी दुसऱ्यांना दाराबाहेर ठेवणं मला आता जमणार नाही.

पुढची मीटिंग आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे आठवडे, सुरू व्हायच्या आधी आहे. ठराव मागं घ्यावा म्हणून मी अर्ज लिहायला घेतलाय, मराठीतला झालाय, दीड पान. खाली तोच मजकूर कन्नडमध्ये पण पाहिजे, आणि मला कन्नड बोलता येतं तेवढं लिहिता येत नाही, बेळगावात एवढी वर्षं राहून. अक्कांकडून लिहून घेणार आहे. त्यांची या रविवारी दुपारची ड्युटी आहे, म्हणून सोमवारी जाईन.